रुपेरी अंगावरचे तांबडे आकडे

अमेरिकेत जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्यातही एक निराळा पंथ आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे घर, आत निजायला फळी, स्वयंपाकाला शेगडी, बसायला बाक, भिंतीत कपाटे, अशा वस्तूला तिकडे ट्रेलर म्हणतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा असा एखादा ट्रेलर कोणाच्या तरी शेताच्या बांधावरून, गवतातून शोधून काढायचा, घरी ओढून आणायचा आणि पुढची तीन-चार वर्षे सुटीचा प्रत्येक दिवस त्याच्या पायी घालवायचा, हे या पंथाचे व्रत. आणि या पंथाचे आराध्यदैवत म्हणजे 'एअरस्ट्रीम'. दोन्ही टोकांना गोलावलेला, एखाद्या अजस्र अंड्यासारखा, रंगाचा हातही न लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा हा ट्रेलर उन्हात असा झळकतो की डोळ्यांवर हात धरावा लागतो.

यांपैकी अनेक ट्रेलरांच्या कपाळावर आणि पाठीवर मोठाले तांबडे आकडे चिकटवलेले असतात. ट्रेलर नव्या मालकाच्या हाती आला की ते आकडे काढणे हे त्याच्या यादीतले एक काम असते. ते तसे सहज निघत नाहीत. आणि निघाले तरी पुरते जात नाहीत. त्या आकड्यांची, ते ज्या पत्र्यावर बसले त्या धातूची आणि ज्याच्या आधाराने बसले त्या चिकटपणाची हकीकत मला सांगावयाची आहे. कारण तो आकडा म्हणजे एका काळाची सही आहे. आणि सही खोडावयाची तर निदान ती कोणाची हे आधी वाचून घ्यावे, असे मला वाटते.

या विषयात मी शिरलो तो केवळ शेजाराच्या नात्याने. ओहायो राज्यात मुलीकडे उन्हाळा काढावयास गेलो असता समोरच्या अंगणात एक निवृत्त शिक्षक अशा ट्रेलरशी झुंजताना दिसले. दोन दिवस मी दुरून पाहिले. तिसऱ्या दिवशी शिडी धरावयास गेलो, आणि मग मला रोजच जावे लागले. त्यांच्यामुळे हात चालले आणि हातांमुळे डोके चालू लागले, एवढेच.

प्रथम धातूविषयी. ॲल्युमिनियम आज आपल्याला गरिबाघरचा धातू वाटतो. पण तो एके काळी राजेशाही होता. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर बसविण्यासाठी शंभर औंसांचा, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास वजनाचा, ॲल्युमिनियमचा कळस घडविण्यात आला आणि तो मोठा नवलाचा विषय झाला. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची रीत शोधली. दोघेही १८६३ सालचे. त्यांच्या शोधाने हा धातू कळसावरून उतरला तो थेट चुलीवर आला. आपल्याकडे पुष्कळ घरांत या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणत. पातेल्यांच्या बाबतीत त्या नावात कितीसे तथ्य होते कोण जाणे. परंतु ट्रेलरच्या पत्र्याला मात्र ते नाव शोभून दिसेल. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्याला बळ आणले ते आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाने. १९०६ साली त्याने थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले आणि काही दिवस तसेच राहू दिले. पुन्हा तपासले तेव्हा ते पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण झालेले आढळले. भिजवलेले पीठ मुरावे तसा तो धातू मुरला होता. याच जातीच्या धातूने पुढे विमाने उडाली.

परंतु त्या बळात एक खोड होती. तांब्यामुळे हा मिश्रधातू हवा-पाण्याने लवकर खंगतो. त्यावर अमेरिकन कारखानदारांनी १९२०-३०च्या दशकात जो उपाय काढला, तो कोणाही मराठी गृहिणीला चटकन समजेल. त्यांनी पत्र्याला कल्हई केली! मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसविला. यालाच 'अल्क्लॅड' म्हणतात. जुन्या एअरस्ट्रीमचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्यावरची ही कल्हई त्याच्या विसाव्या हिश्शाएवढी. माणसाच्या केसाहून ती जाड नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे आकडे खरवडताना तिची आठवण होणार आहे.

विमानाचा हा पत्रा घराला कसा लागला? हॉली बोलस नावाचा एक विमाने बांधणारा होता. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडला ते विमान बांधण्याच्या कामावर याचीच देखरेख होती. त्याने १९३४ साली विमानाच्या धाटणीचा, रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर तयार केला. कल्पना उत्तम, पण धंदा बसला. तेव्हा वॉली बायम नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने ती कल्पना उचलली, पुढच्या बाजूचे दार कुशीला आणले आणि १९३६ साली आपला 'क्लिपर' बाजारात आणला. किंमत बाराशे डॉलर. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती.

बायम हा १८९६ साली ऑरेगन राज्यात जन्मलेला. मोठा हिकमती माणूस. लहानपणी मेंढरे राखताना तो गाढवाच्या गाडीत शेगडी, पाणी आणि अंथरूण घेऊन राहात असे, असे सांगतात. त्याने आधी ट्रेलर घरी कसे बांधावेत याचे आराखडे विकले, मग स्वतःच ट्रेलर बांधू लागला. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांना हवे म्हणून कारखाना बंद ठेवावा लागला. युद्ध संपल्यावर तो पुन्हा उभा राहिला. १९५२ साली ओहायोतल्या जॅक्सन सेंटर या गावी त्याने नवा कारखाना काढला. हे गाव आजही एअरस्ट्रीमचे माहेर आहे.

आता चिकटपणाकडे वळू. येथे इतिहासाने दोन विनोद करून ठेवले आहेत. वॉल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ १९२६च्या सुमारास रबर धातूला पक्के चिकटेल असा पदार्थ शोधीत होता. तो पदार्थ काही त्याला गवसला नाही. गवसले ते लवचीक व्हिनाइल. ज्याच्यातून धातूला चिकटणारे काही निघावे अशी त्याची इच्छा, त्याच व्हिनाइलची अक्षरे पुढे धातूला अशी चिकटली की काढणारा मेटाकुटीस यावा! दुसरा विनोद याहून सरस. स्टँटन एव्हरी या तरुणाने १९३५ साली लॉस अँजेलिसमध्ये, मागे डिंक लावलेल्या, ओले न करता नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा धंदा काढला. भांडवल शंभर डॉलर, आणि तेही वाग्दत्त वधूकडून उसने घेतलेले. त्याने धंद्याला नाव दिले 'कम-क्लीन', म्हणजे स्वच्छ निघून येणारी. दुकानातल्या वस्तूवर किंमत लावावी आणि विकल्यावर चिठ्ठी मागे डाग न ठेवता उचलावी, हे त्या मालाचे वचन होते. साऱ्या चिकट चिठ्ठ्यांच्या घराण्याचा आरंभ असा निघून जाण्याच्या वचनाने झालेला आहे. ते वचन वर्षा-दोन वर्षांपुरते खरे असते. चाळीस उन्हाळ्यांनंतर त्याची कोणी आठवण काढू नये.

आता आकडे. वॉली बायमला ट्रेलर विकून स्वस्थ बसवेना; ते कुठवर जातात हे त्याला लोकांना दाखवायचे होते. १९५१ साली त्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे एक तांडा काढला. साठाहून अधिक ट्रेलर निघाले. पण रस्ते, चिखल आणि मोडके पूल यांनी बहुतेकांना माघारी धाडले. सामान्य माणसाची हौस एवढ्याने फिटली असती. बायमची वाढली. दरवर्षी तांडे निघू लागले, आणि १९५५ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, केंटव्हिल या गावी, या मंडळींनी बायमच्या नावाने आपला संघ स्थापन केला. प्रत्येक सभासदाला एक क्रमांक मिळे. तो मोठ्या तांबड्या अंकांत ट्रेलरवर लावायचा. कारण उघड आहे. शंभर रुपेरी ट्रेलर एका माळावर उभे राहिले की आपला कोणता आणि मित्राचा कोणता हे ओळखावे कसे? शिवाय संघाची छापील सभासदयादी असे. रस्त्यात समोरून अंक दिसला की यादी उघडायची, आणि परका माणूस नावागावासकट ओळखीचा व्हायचा.

या व्यवस्थेतली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. क्रमांक ट्रेलरचा नव्हे, माणसाचा. सभासदाने जुना ट्रेलर विकून नवा घेतला, तर अंक त्याच्याबरोबर नव्या ट्रेलरवर जाणार. म्हणजे विकलेल्या ट्रेलरवरचा अंक काढलाच पाहिजे. तो ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने वावरणे. आकडे काढणारे मालक इतिहासाचे वैरी नव्हेत. नियम त्यांच्याच बाजूचा आहे.

पण तो अंक मिरवीत हे ट्रेलर कोठकोठे गेले पाहा. १९५९ साली एकेचाळीस एअरस्ट्रीम बोटीने दक्षिण आफ्रिकेत उतरविण्यात आले आणि केपटाऊनहून उत्तरेस निघाले. वाळू, दलदल आणि खडक तुडवीत, आदिस अबाबाला सम्राट हेले सेलासी यांची भेट घेऊन, पुढच्या वर्षी हा तांडा कैरोला पोहोचला. पिरॅमिडच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या त्या चंदेरी अंड्यांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. १९६२ साली बायम वारला. परंतु त्याने मनात धरलेली पृथ्वीप्रदक्षिणा १९६३-६४ साली निघालीच. सिंगापूरहून निघालेला तांडा आशिया-युरोप ओलांडून लिस्बनला पोहोचला, आणि वाटेत आपल्या भारतातूनही गेला. ज्या काळी आपल्याकडे फियाट गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळी आपल्या रस्त्यांवरून आत शेगडी, शीतकपाट आणि न्हाणीघर असलेली घरे मोटारींमागून ओढत जात होती. ज्यांनी ती पाहिली असतील त्यांना काय वाटले असेल? निवृत्त अमेरिकन जोडपी आपले स्वयंपाकघर सोडावयास तयार नव्हती आणि जग तर पाहावयाचे होते, याचे हसू यावे. पण आफ्रिकेत ज्या वाटांवरून ती गेली, तेथे १९६० या एका वर्षात सतरा देश स्वतंत्र झाले. जुने जग मोडत होते आणि नवे घडत होते, त्या संधिकाळाच्या मधोमध हे तांबडे आकडे फिरले. त्यांत श्रीमंतीचा तोरा होता हे खरेच. परंतु परक्याच्या दारात जाऊन 'आम्ही असे राहतो, या, आत येऊन पाहा' म्हणण्याचा मोकळेपणाही होता. दोन्ही गोष्टी त्या काळच्या अमेरिकेच्याच.

आता आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणात येऊ. त्यांच्या ट्रेलरवर चार अंक पुढे आणि तेच चार मागे. मूळचे तांबडे, आता वाळलेल्या मिरचीच्या रंगाचे. व्हिनाइलला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षांच्या उन्हाने उडून जाते, आणि मग ते जुन्या पापडासारखे कडक होते. नखाने उचलू गेल्यास राईएवढा तुकडा हाती येतो. म्हणून पहिला उपाय ऊब. केस वाळविण्याचे यंत्र घेऊन अंकाची एक कड तापवावयाची. हाताला सोसवेल इतकीच. मग कड उचलून ती स्वतःवरच उलटी दुमडीत सावकाश ओढावयाची. सरळ बाहेर ओढली की तुटलीच. घाई ही या कामातली सर्वांत महाग वस्तू. एक अंक निघावयास आम्हाला अर्धा दिवस लागला.

व्हिनाइल गेले तरी डिंक राहतो. त्यासाठी संत्र्याच्या सालीच्या तेलाचे एक द्रावण मिळते. ते फडक्यावर घेऊन डिंकावर ठेवावयाचे, त्याला मुरू द्यावयाचे, आणि मग प्लास्टिकच्या पातीने तो लोटावयाचा. साऱ्या अंगणाला संत्री सोलल्याचा वास सुटे. तरीही चिवटपणे बसलेल्या ठिकाणी एक रबरी चाक, शाळेतल्या खोडरबराचा थोरला भाऊच म्हणा ना, यंत्रावर लावून अलगद फिरवितात. पण ते एका जागी क्षणभर जास्त थांबले तर घर्षणाने पत्रा तापून काम बिघडते. लोखंडी पाते मात्र वर्ज्य. आठवते ना ती केसाएवढी कल्हई? पात्याची एक कोर लागली की ती गेली, आणि खालचा खंगणारा धातू उघडा पडला. ही कल्हई पुन्हा लावून देणारा कल्हईवाला जगात कोठेही नाही. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवावयाचे, कोरडे पुसावयाचे, आणि दोन पावले मागे सरून पाहावयाचे.

आम्ही मागे सरून पाहिले, तर चारही अंक जागच्या जागी! चिकटपट्टीचा कण उरला नव्हता. पण पत्र्यावर अंकांची सावली स्वच्छ वाचता येत होती. याचे कारण साधे आहे. साठोत्तर काळात या ट्रेलरांना कारखान्यातच एक पारदर्शक लेप देत असत. उघड्या भागावरचा तो लेप उन्हाने खाल्ला आणि खालचा धातू हवेने निस्तेज झाला. अंकाखालचा भाग मात्र झाकलेला राहिला. रंगीत पत्र्याच्या ट्रेलरांचेही हेच. बाहेरचा रंग खडूसारखा भुरभुरीत आणि फिका पडलेला असतो, आणि जुन्या अक्षराखाली मूळ रंग जसाच्या तसा सापडतो. अशा ट्रेलरचा पहिला रंग कोणता हे ठरवावयाचे असेल, तर जाणकार माणूस अक्षराखालीच पाहतो. म्हणजे गंमत अशी, की ज्याने पत्रा विद्रूप केला असे आपण म्हणतो, त्यानेच त्याचे तारुण्य राखून ठेवलेले असते.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. अंक काढला तो नियमाने. पण सावलीवर नियम नाही. लोकरीची चकती आणि पॉलिश घेऊन पंधरा दिवस घासले तर साराच पत्रा आरशासारखा होतो आणि सावलीही जाते. शेजारीणबाईंचे मत तेच होते: केलेच आहे तर पुरते करा. त्यांचे म्हणणे चूक म्हणवत नाही. ज्या घरात राहावयाचे त्यावर परक्याचा शिक्का कोणाला आवडेल? उलट बाजूला दुसरे उदाहरण पाहा. १९६९च्या जुलैत चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना 'हॉर्नेट' या युद्धनौकेवर उतरविल्यावर ज्या बंद खोलीत ठेवले, ती खोली म्हणजे एक फेरफार केलेला एअरस्ट्रीमच होता. अध्यक्ष निक्सन काचेपलीकडून त्यांच्याशी बोलले त्या छायाचित्रात खिडकीच्या वर अक्षरे दिसतात: 'हॉर्नेट + ३'. ती अक्षरे खरवडा असे कोणी म्हणणार नाही. थोरांच्या भिंतीवरची अक्षरे म्हणजे इतिहास, आणि सामान्यांच्या भिंतीवरची म्हणजे कचरा, हा भेद मात्र माझ्या मनाला पटत नाही.

शेजाऱ्यांनी जे केले ते मला शहाणपणाचे वाटले. अंकांना हात लावण्यापूर्वीच त्यांनी छायाचित्रे काढून मापे लिहून ठेवली होती. मग जुनी छापील सभासदयादी मिळविली. त्या क्रमांकापुढे एका जोडप्याचे नाव होते, आणि आयोवा राज्यातले एक छोटे गाव. बस, एवढेच. हे जोडपे आफ्रिकेला गेले होते की जवळच्या तळ्यावर मासे धरण्यापलीकडे कोठेच गेले नव्हते, ते काही यादी सांगत नाही. शेजाऱ्यांना मनातून आफ्रिका हवी होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. पण पुरावा नाही म्हणून त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. इतिहास शिकविलेल्या माणसाला शोभेल असेच ते वागले. ती नावे एका कागदावर लिहून त्यांनी आतल्या कपाटाच्या दाराला लावली. आणि सावलीविषयी नवरा-बायकोंत तह झाला: पुढची घासावयाची, मागची ठेवावयाची.

दिवाळीपूर्वी आपल्याकडे माळ्यावरची भांडी खाली उतरतात. कोणत्या तरी तांब्यावर, कोणत्या तरी परातीवर छिन्नीच्या ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव असते. आजीचे, पणजीचे, लग्नात आहेर देणाऱ्या कोणा मामांचे. दरवर्षीच्या घासण्याने ते थोडे थोडे झिजत जाते. भांडी घासू नयेत असे मी म्हणत नाही. सणाला ती लखलखलीच पाहिजेत. यंदा एवढेच करावे, की चिंच लावण्यापूर्वी भांडे उजेडात तिरपे धरावे, ते नाव मुलांना मोठ्याने वाचावयास सांगावे, आणि ते कोणाचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मग खुशाल घासावे.